समुद्र उभा केला तर

इटारसीकडून येणारी गाडी जबलपूर जंक्शनात शिरण्याआधी मदन महल स्टेशन लागते. स्टेशनाला नाव मिळाले ते मागच्या डोंगरावरच्या गोंड राजांच्या छोट्याशा किल्ल्यावरून. किल्ला कसला, एका अवाढव्य शिळेच्या आधाराने बांधलेली टेहळणीची चौकी म्हणावी इतपतच. परंपरा त्याचे श्रेय मदनशाह राजाला देते. किल्ल्याच्या भोवताली आणि खालच्या उतारावर ग्रॅनाइटचे गोल गरगरीत धोंडे पसरले आहेत. त्यातली एक शिळा दुसरीवर अशी टेकली आहे की आत्ता गडगडेल असे वाटावे. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातल्या कितीतरी इमारतींना तडे गेले, ही शिळा मात्र जागची हलली नाही. शहरात तलाव भरपूर, खाली नर्मदा, पण समुद्र शेकडो किलोमीटर दूर.

तरीही इथल्या मराठी घरांत समुद्राचे चित्र सापडतेच. माहेर कोकणातले असते, मुलगी मुंबईत असते, नाहीतर कोणीतरी गणपतीपुळ्याच्या सुट्टीत हौसेने कॅनव्हास रंगवायला घेतलेला असतो. त्यातली बरीच चित्रे अर्धवट राहून कपाटामागे जातात. या प्रकरणात अशाच चित्रांचे बोलायचे आहे, त्यातही अमूर्त सागरचित्रांचे. म्हणजे ज्यात होडी नाही, माड नाही, कोळीण नाही. नुसते निळे-करडे पट्टे, मध्ये कुठेतरी उजेड, आणि पुढे काय करावे हे न सुचल्याने थांबलेला हात.

हात इथेच का थांबतो, ते आधी पाहू. समुद्र सुरू करायला सोपा. कॅनव्हास आडवा धरायचा, वरच्या तिसऱ्या भागात एक रेघ, वर आकाश, खाली पाणी. पहिल्या बैठकीतच चित्र झाल्यासारखे दिसते. अडचण दुसऱ्या बैठकीला येते. गावाच्या चित्रात अजून घराचे कौल रंगवायचे असते, माणसाच्या चित्रात हाताची बोटे राहिलेली असतात. काय उरले आहे ते विषयच सांगतो. अमूर्त समुद्रात असे सांगणारे कोणी नसते. चित्रकार मग उगाच लाटा घालत बसतो, प्रत्येक लाटेसरशी पहिल्या बैठकीतला ताजेपणा थोडा कमी होतो, रंग एकमेकांत मिसळून चिखल होतो आणि कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.

या चित्राचे करायचे काय? बहुतेक जण पांढरा रंग फासून पुन्हा कोरा कॅनव्हास मिळवतात. मला हा मार्ग आळशीपणाचा वाटतो. आधीच्या बैठकांत जे घडले ते फुकट गेले असे त्यात गृहीत धरलेले असते, आणि ते क्वचितच खरे असते.

त्याआधी एक शंका मिटवून टाकायला हवी. चित्र खरोखरच अर्धवट आहे का? इंग्लंडचा जे. एम. डब्ल्यू. टर्नर १८५१ मध्ये वारला. त्याच्या स्टुडिओतली शेकडो चित्रे आणि हजारो रेखाटने १८५६ मध्ये राष्ट्राच्या ताब्यात आली. त्यात पूर्ण न झालेले कितीतरी कॅनव्हास होते: धुक्यात विरघळलेला किनारा, पिवळ्या उजेडाचा लोळ, पाणी कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते कळू नये असे समुद्र. त्यातली बरीच चित्रे पन्नास वर्षे लोकांना दाखवलीच गेली नाहीत, कारण ती पुरी झालेली नाहीत असे ठरले होते. १९०६ मध्ये ती लंडनच्या टेट गॅलरीत लागली. तोवर प्रेक्षकांच्या डोळ्यांना मोनेची सवय झाली होती, आणि तीच चित्रे आता काळाच्या पुढची ठरली. कॅनव्हास तेच होते, रंगाचा एक फटकाराही वाढला नव्हता. तेव्हा भिंतीकडे तोंड केलेले चित्र आधी महिनाभर समोर लावून ठेवावे. त्याला काही नको असेल तर ते निमूटपणे भिंतीवर राहते. नको त्या जागी खुपत राहिले तरच हात घालावा.

हात घालायचा तो किती, याचाही नमुना टर्नरनेच घालून दिला आहे. लंडनच्या रॉयल अकादमीत प्रदर्शन उघडण्याआधी सभासद-चित्रकारांना भिंतीवर लागलेल्या चित्रांवर वार्निश देण्यासाठी काही दिवस मिळत. टर्नर या दिवसांत चक्क चित्र पुरे करायचा. १८३२ साली त्याचे ‘हेल्व्होएट्स्लाउस’ हे करड्या रंगाचे सागरचित्र जॉन कॉन्स्टेबलच्या ‘वॉटर्लू पुलाचे उद्घाटन’ या चित्राशेजारी टांगले होते. कॉन्स्टेबल दहा वर्षांहून अधिक काळ त्या चित्राशी झटत होता आणि शेवटच्या घटकेपर्यंत नौकांच्या पताकांवर शेंदरी, लाल रंग चढवीत होता. शेजारचा टर्नरचा समुद्र त्यापुढे फिका पडला. टर्नर आला, दोन्ही चित्रांकडे आळीपाळीने पाहिले, आपल्या करड्या पाण्यावर शिलिंगच्या नाण्याहून थोडा मोठा असा लाल रंगाचा एक ठिपका ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. कॉन्स्टेबलचे सगळे लाल रंग त्या एका ठिपक्यापुढे मलूल झाले. दीडेक दिवसाने टर्नर परत आला आणि त्या ठिपक्याला आकार देऊन त्याचा पाण्यावर तरंगणारा बोया केला. हा प्रसंग चित्रकार सी. आर. लेस्लीने लिहून ठेवला आहे. २०१९ मध्ये दोन्ही चित्रे पुन्हा रॉयल अकादमीत शेजारी लागली. टर्नरचे चित्र आता टोकियोच्या फुजी संग्रहालयाचे आहे.

गोष्ट चुरशीची म्हणून सांगितली जाते. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी रंग आला, अर्थ दीड दिवसाने आला. टर्नरला ‘इथे बोया हवा’ असे सुचले नव्हते. ‘इथे लाल हवा’ एवढेच कळले होते. अडलेल्या चित्राला काय लागते ते बहुधा असेच कळते, वस्तूच्या रूपात नव्हे, रंगाच्या किंवा वजनाच्या रूपात. ‘इथे काहीतरी गडद पाहिजे’ हे वाक्य ‘इथे खडक काढू या’ याच्या कितीतरी आधी मनात येते. खडक नंतर होतो, किंवा होतही नाही.

दुसरा उपाय याहून सोपा, आणि करून पाहिल्याशिवाय त्याची ताकद कळत नाही. चित्र फिरवायचे. वासिली कांडिन्स्कीने १९१३ च्या आपल्या आठवणींत लिहिले आहे की म्युनिकच्या स्टुडिओत संध्याकाळी शिरताना त्याला एक विलक्षण सुंदर, कशाचेच नसलेले चित्र दिसले. जवळ जाऊन पाहतो तो त्याचेच चित्र, आडवे टेकवून ठेवलेले. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याला तो परिणाम पुन्हा साधेना, कारण आता त्यातल्या वस्तू ओळखू येत होत्या. पिकासोने हेच अधिक धूर्तपणे वापरले. टोरांटोच्या ऑन्टारिओ कलादालनात त्याचे १९०२ सालचे उकिडव्या बसलेल्या गरीब बाईचे निळे चित्र आहे. त्याच्या तपासणीचे निष्कर्ष फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर झाले. रंगाखाली बार्सिलोनाच्या एका बागेचे निसर्गचित्र निघाले, तेही दुसऱ्याच कोणाचे तरी. पिकासोने तो कॅनव्हास नव्वद अंशांनी फिरवला आणि निसर्गचित्रातल्या डोंगराची कड त्या बाईच्या पाठीची रेघ म्हणून वापरली. पैसे नव्हते म्हणून जुना कॅनव्हास घेतला, हे खरेच. पण पैसे नसलेल्या प्रत्येकाला डोंगरात पाठ दिसत नाही.

समुद्राच्या चित्राला फिरवण्याचा फायदा सगळ्यात जास्त होतो, कारण त्याचे सगळे बळ त्या एका आडव्या रेघेत असते. क्षितिज आडवे असेतो डोळा काहीही न विचारता ‘समुद्र’ म्हणतो. ते उभे केले की डोळ्याची ही खात्री जाते. उरतो तो काठ, भेग, दाराची फट, दोन रंगांची हद्द. मराठी वाचकाला यासाठी परदेशी जायची गरज नाही. आपल्याकडे वासुदेव गायतोंडे होऊन गेले.

गायतोंडे मूळचे गोव्याचे, जन्म मात्र नागपूरचा, १९२४ चा. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी आणि जबलपूर त्याच प्रांतातले. सय्यद हैदर रझा यांचाही जन्म याच प्रांतातला, १९२२ चा, जबलपूरहून फार दूर नसलेल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि मुंबईमार्गे १९५० मध्ये फ्रान्सला गेले. फटकाऱ्यांनी रंगवलेली निसर्गचित्रे करून त्यांनी नाव कमावले, सत्तरच्या दशकात त्याच चित्रांना ते विटले आणि शाळेत असताना मास्तरांनी मन लागावे म्हणून भिंतीवर काढून दिलेल्या बिंदूपाशी परतले. अर्धवट वाटू लागले ते एखादे चित्र नव्हे, तोवरचे सगळे काम. २०१६ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन मंडल्याला, वडिलांच्या कबरीशेजारी झाले. मध्य प्रांताने अमूर्त चित्रकलेला दोन माणसे दिली, तीही समुद्रापासून इतक्या लांबून, याची गंमत वाटते.

गायतोंडे मात्र समुद्रापाशी पोहोचले. गिरगावच्या चाळीत वाढले, १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली, आणि पुढे वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई संस्थेत काम करू लागले. संस्थेपलीकडे अरबी समुद्र. तिथेच हुसेन यांचा स्टुडिओ, रविशंकर यांची सतार, अल्काझी यांची नाटके. एवढ्या गजबजाटात गायतोंडे तासन्‌तास बसून राहत, असे त्यांच्या सोबतचे लोक सांगत आले आहेत. साठच्या दशकाच्या सुरुवातीचे त्यांचे बरेच कॅनव्हास पाहा. आडव्या पट्ट्यांनी भरलेला रंगाचा अवकाश, मध्येच जाड रंगाचे बेटासारखे पुंजके, कुठे उजेडाची आडवी ओळ. समीक्षकांना त्यात समुद्र दिसला यात नवल नाही. गायतोंड्यांना ते मान्य नव्हते. आपल्या चित्रांना ते ‘अमूर्त’ देखील म्हणू देत नसत. ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणा, असा त्यांचा आग्रह. शीर्षक देण्याच्या भानगडीतही ते सहसा पडले नाहीत.

साठचे दशक संपता संपता त्यांनी एक गोष्ट बदलली: कॅनव्हास उभा केला. पुढे अखेरपर्यंत तो मुख्यतः उभाच राहिला. पट्टे, पुंजके, उजेड हे सगळे तेच, पण आता ते क्षितिजावर न पसरता वरून खाली झिरपू लागले. पाहणाऱ्याला किनाऱ्यावर उभे राहण्याची सोय उरली नाही. मला हा बदल त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी वाटतो, आणि त्याबद्दल बोलले जाते ते त्यांच्या चित्रांच्या कोट्यवधींच्या किमतींच्या मानाने फारच थोडे.

त्यांची रीतही इथे कामाची आहे. ब्रश त्यांनी जवळजवळ बाजूला ठेवला. भिंती रंगवायचा असतो तसा रोलर आणि पॅलेट नाइफ ही त्यांची हत्यारे. पातळ रंगाचे थर एकावर एक चढवायचे, आणि मग काढायचे: सुरीने खरवडून, किंवा फाटलेल्या कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलून. उचललेल्या जागी खालचा थर डोकावतो. चित्रातला उजेड हा वरून घातलेला पांढरा रंग नसतो, तो खालून येतो. म्हणजे गायतोंड्यांच्या कॅनव्हासवर पुन्हा काम करणे ही काही अडल्यावरची तजवीज नव्हती. प्रत्येक चित्र याच वाटेने पुरे व्हायचे, आणि वर्षाकाठी मोजकीच पुरी व्हायची. १९७२ मध्ये ते दिल्लीला गेले, १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षे मोठे काम बंद होते, २००१ मध्ये वारले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, त्याच्या नावातच ‘प्रक्रिया’ हा शब्द होता.

त्यांच्या नंतरच्या पिढीत प्रभाकर कोलते यांनी हाच धागा उलट्या टोकाने धरला. सिंधुदुर्गातल्या नेरूरपारचे, जे. जे. त वर्षानुवर्षे शिकवलेले. त्यांच्या चित्रात खाली रंगांची, आकारांची गर्दी असते आणि तिच्यावर एकाच रंगाचा मोठा पडदा येतो. पडद्याला भोके असतात. दिसते ते त्या भोकांतून, आणि पाहणारा उरलेल्याचा अंदाज बांधत राहतो. अर्धवट चित्र घेऊन बसलेल्या माणसाने त्यांच्याकडून एवढे उचलावे: काय झाकायचे ते न ठरवता, काय उघडे ठेवायचे ते आधी ठरवायचे. चांगल्या जागा मोजक्याच असतात. त्या राखल्या की बाकी सारे झाकायला हात मोकळा होतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे. मदन महलच्या आमच्या घरात एक कॅनव्हास आहे, दोन फूट बाय तीन फूट. आडवा, वर करडा-पांढरा पट्टा, खाली निळा-हिरवा, मध्ये पॅलेट नाइफने ओढलेला जाड रंगाचा बांध. उजवीकडचा खालचा कोपरा कोरा, पांढरे अस्तर दिसते आहे. उदाहरणाला तोच घेऊ.

पहिला प्रश्न रंग कोणता हा. कॅम्लिनच्या ट्यूबा असल्या तरी तेलरंग की ऍक्रिलिक हे नुसते पाहून सांगता येतेच असे नाही, विशेषतः चित्र दुसऱ्याचे असेल तर. औषधाच्या दुकानातले स्पिरिट कापसाच्या काडीवर घेऊन कडेच्या एखाद्या कोपऱ्यात हलके घासावे. ऍक्रिलिक लगेच चिकट होऊन कापसाला रंग लागतो. पुरता वाळलेला तेलरंग सहसा दाद देत नाही. हे कळणे अत्यावश्यक, कारण ऍक्रिलिकवर तेलरंग बसतो, तेलरंगावर ऍक्रिलिक बसत नाही. आज बसल्यासारखा वाटतो, काही वर्षांनी पापुद्रे निघतात. पाणी उडून गेले की ऍक्रिलिक वाळले. तेलरंगातले जवसाचे तेल मात्र उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते. वरून कोरडा वाटणारा जाड थर आतून महिनोन्‌महिने ओला असू शकतो. म्हणूनच तेलरंगात खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे ठेवायची जुनी शिस्त आहे. वरचा थर आधी ताठ झाला आणि खालचा अजून सरकत असला, तर भेगा ठरलेल्या. झिंक व्हाइटचा जाड थर तेलात कालांतराने ठिसूळ होतो, तेव्हा झाकायला टायटॅनियम व्हाइट बरा.

आमचा कॅनव्हास ऍक्रिलिकचा निघाला. त्यावर ओल्या फडक्याने धूळ पुसली आणि खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च धरला. तिरप्या उजेडात प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि चित्राचा खरा भूगोल दिसतो. मधला बांध चांगलाच उंच होता. रंगाने उंचवटा झाकत नाही, हे नवशिक्याला उशिरा उमगते. वर कितीही थर दिले तरी जुनी लाट नव्या आकाशातून डोके काढते. तिथे दोनच वाटा. पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन ओला घासून बांध उतरवायचा, किंवा त्या बांधालाच नव्या चित्रात काम द्यायचे. घासायचे ते ओलेच; कोरडे घासले तर रंगाची धूळ नाकात जाते, आणि काही रंगांत कॅडमियमसारखे विषारी धातू असतात.

मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल केला. निळे, हिरवे, करडे असे वेगवेगळे वाटणारे तिन्ही रंग एकाच मध्यम करड्यात जाऊन बसले. चित्र का अडले होते ते इथे कळले: रंग बदलत होते, उजेड-अंधार बदलत नव्हता. मग कॅनव्हास उभा केला, निळा भाग डावीकडे येईल असा. मधला बांध आता वरून खाली उतरणारी कड झाली, किंचित फुगीर. खिडकीबाहेर डोंगरावरच्या शिळा रोज दिसतात. पावसाचे पाणी ओघळून त्यांच्यावर काळे पट्टे उमटतात, उन्हात गुलाबी-करडा रंग वर येतो. ती कड शिळेची आहे हे सांगावे लागले नाही.

पुढचे काम ओळखीच्या रंगांचे. समुद्राच्या निळ्यावर बर्न्ट सिएनाचा पातळ वॉश दिला की निळा मरत नाही, मुका होतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले तर ट्यूबमधल्या काळ्याहून कितीतरी जिवंत काळपट करडा मिळतो. ग्रॅनाइटला तोच लागतो. डाव्या भागावर हा गडद करडा रोलरने चढवला आणि ओला असतानाच वर्तमानपत्राचे फाटलेले तुकडे दाबून उचलले. उचललेल्या जागी जुना समुद्र वर आला, आणि शिळेच्या अंगावर शेवाळाची निळसर छटा आपोआप मिळाली. ती मुद्दाम रंगवली असती तर खोटी दिसली असती. उजवीकडच्या करड्या-पांढऱ्याला फारसे शिवायचे नाही असे आधीच ठरले होते. चित्र फिरवल्याने कोरा कोपरा खाली डावीकडे गेला होता. तो तसाच ठेवला. तो भरायचा मोह शेवटपर्यंत होतो.

जबलपूरच्या हवेचेही दोन शब्द. जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, आणि इतक्या थंडीत ऍक्रिलिकचा पापुद्रा नीट जुळत नाही. काम दुपारी करावे. मे महिन्यात उलट, रोलर फिरवून कागद उचलेपर्यंत रंग सुकून जातो. तेव्हा पाण्याचा फवारा हाताशी हवा. पावसाळ्यात कॅनव्हास बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवला तर मागून बुरशी धरते.

हे सगळे आपल्या स्वतःच्या चित्राबद्दल. दुसऱ्याच्या अर्धवट चित्रावर हात टाकायचा की नाही, याबद्दल माझे मत कडक आहे: विचारल्याशिवाय नाही, आणि चित्रकार हयात नसेल तर मुळीच नाही. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात हेन्ड्रिक व्हान आन्टोनिसेन या डच चित्रकाराचे साधारण १६४१ चे समुद्रकिनाऱ्याचे चित्र आहे. १८७३ मध्ये ते देणगी म्हणून आले. थंडीच्या दिवसात वाळूवर आणि कड्यावर माणसांची गर्दी, सगळे एकाच दिशेने पाहताहेत आणि तिथे काहीच नाही. २०१४ मध्ये साफसफाई करताना वरचा रंग निघू लागला आणि खालून किनाऱ्याला लागलेला अख्खा देवमासा बाहेर आला. मधल्या काळात कोणीतरी तो झाकून टाकला होता, बहुधा दिवाणखान्यात मेलेला मासा नको म्हणून. झाकणाऱ्याला रंगकाम उत्तम येत होते, समुद्र आणि वाळू त्याने बेमालूम जुळवली. चित्र मात्र दीर्घकाळ निरर्थक होऊन बसले.

झाकलेले कायमचे झाकले राहते असेही नाही. तेलरंग, त्यातही शिशाचा जुना पांढरा, वय वाढेल तसा पारदर्शक होत जातो. जुन्या चित्रांत घोड्याला पाचवा पाय किंवा माणसाला दुसरी टोपी उमटते ती यामुळेच. ऍक्रिलिकला हा रोग तितका नाही. पण ज्याला पुढे कधी ते चित्र दुरुस्त करावे लागेल, त्याच्यापाशी तुमच्या मनातले कळण्याचे साधन नसते.

म्हणून काम झाल्यावर कॅनव्हासच्या मागच्या लाकडी पट्टीवर मऊ पेन्सिलीने एवढे लिहून ठेवा: खाली काय होते, ते कुठल्या रंगात होते, कोणत्या साली फिरवले, वर काय चढवले, वार्निश दिले असल्यास कोणते. कापडावर लिहू नका, बॉलपेन तर नकोच. दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई झिरपते. आणि मूळ चित्राचा एक फोटो काढून ठेवायला विसरू नका, पहिला फटकारा मारण्याआधी.